गाभाऱ्याबाहेर पादत्राणे नव्हती

जबाब देणार: मयत बाईंची मुलगी. वय चोवीस. शिक्षण पदवीधर. धंदा नोकरी, पुरातन वास्तू खात्याच्या जंगलातील कामावर नोंदणी सहायक. राहणार बस डेपोच्या मागची वसाहत, दुसरी गल्ली, पाण्याच्या टाकीला लागून असलेली खोली.

आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, मला जे माहीत आहे आणि मी जे पाहिले आहे ते सांगते. जे पाहिलेले नाही ते पाहिलेले नाही असे सांगेन.

वरील पत्त्यावर मी आईवडिलांसोबत राहते. वडील डेपोत गाड्या धुतात. आई सूतगिरणीत होती. गिरणी बंद झाल्यावर ती घरी शिवणकाम करू लागली. गिरणीतल्या आवाजाने तिचा डावा कान गेला होता आणि उजव्यानेही लांबचे ऐकू येत नसे. तिच्याशी बोलायचे तर उजवीकडून जवळ जाऊन बोलावे लागे. घरात याची सगळ्यांना सवय आहे, त्यामुळे कोणी कोणाला मुद्दाम सांगत नाही. कामावरही मी हे कोणाला सांगितले नव्हते.

आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. हे जबाबात लिहायची गरज आहे का, असे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारबाईंनी विचारले. गरज आहे, कारण आई त्या दिवशी जंगलात आली ती त्यासाठीच. मी शिकून नक्की काय करते ते तिला एकदा डोळ्यांनी पाहायचे होते. गल्लीतल्या बायकांनी विचारले की ती "माझी मुलगी दगडांवर आकडे घालते" असे सांगायची आणि त्या हसायच्या. "एकदा बघू दे, मग नीट सांगते त्यांना," असे ती म्हणाली होती.

आमचे काम ज्या जागी चालते ते बुद्धाचे फार जुने मंदिर आहे. जंगल त्याच्यावर चढलेले आहे. छतावर वड उगवला आहे आणि त्याची मुळे भिंतींवरून खाली उतरून दगडांच्या फटींत शिरलेली आहेत. बाहेरच्या ओवऱ्या पूर्ण पडल्या आहेत. गाभारा आणि त्याच्यापुढचा मंडप एवढेच उभे आहे. पडलेल्या आणि पडायला आलेल्या प्रत्येक दगडाला रंगाने नंबर घालायचा, तो कुठे आणि कसा आहे ते लिहायचे, आणि मगच तो हलवायचा, म्हणजे पुढे तो आपल्या जागी परत बसवता येतो. हे नंबर घालणे आणि लिहिणे माझ्याकडे आहे. जे जसे सापडले तसे लिहायचे, कसे असायला हवे होते ते लिहायचे नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे. मला हे काम आवडते.

मजुरांवर मुकादम आहेत. मी त्यांना मुकादमकाका म्हणते, ते मला बाई म्हणतात. सध्या ते याच ठाण्याच्या कोठडीत आहेत.

वरून काही उतरवायचे किंवा दोराने ओढायचे असेल तर मुकादमकाकांची एक पद्धत आहे. आधी ते माणसे मोजतात. मग गाभाऱ्याच्या दाराशी जाऊन पादत्राणे पाहतात. तिथे काम करणारे सगळेजण गाभाऱ्यात जाताना पायातले बाहेर काढून ठेवतात. कोणी तसे सांगितलेले नाही, काढतात. उन्हातून पाहिले तर गाभाऱ्याच्या आत नुसता काळोख दिसतो, मूर्ती पार मागच्या भिंतीशी आहे, त्यामुळे आत माणूस आहे की नाही हे दारातून कळत नाही. पादत्राणांवरून कळते. बाहेर जोड असेल तर ते हाक मारून माणसाला बाहेर काढतात. नसेल तर शिट्टी वाजवतात. ही पद्धत तिथे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होती.

पूर्वी मजूर चपला घालून किंवा अनवाणी काम करत. पावसाआधी एका मजूर बाईला दगडाखालच्या विंचवाने डंख मारला आणि तिचा पाय फार सुजला. मी कार्यालयाकडे पाठपुरावा करून सगळ्यांसाठी घोट्यापर्यंतचे बूट मागवले आणि आवारात बुटांशिवाय कोणी फिरायचे नाही असे ठरवून घेतले. मुकादमकाका तेव्हा म्हणाले होते, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण देवासमोर आम्ही काढणार. तिथं विंचू चावला तर तो आमचा आणि त्याचा मामला." मी म्हटले, ही आता पूजेची जागा राहिलेली नाही, ही वास्तू आहे. ते हसले. मजूर बुटांच्या नाड्या सोडून ते दाराशी काढत राहिले. मी काढत नसे. माझ्यासोबत टेप धरायला कायम एकजण असतो आणि मी कुठे आहे हे मुकादमकाकांना सांगून जाते, म्हणून माझ्या बाबतीत कधी अडचण आली नाही.

घटनेच्या दिवशी सकाळी मी आईला खात्याच्या टेंपोतून सोबत नेले. तशी परवानगी मी खात्याच्या साहेबांकडून तोंडी घेतली होती. निघण्याआधी घरी मी तिला माझ्याजवळचे जादा बूट घातले. ते तिला सैल होत होते म्हणून दोन मोजे चढवले. तिने आयुष्यात नाडीचे बूट घातले नव्हते. नाड्या मी बांधल्या आणि सुटू नयेत म्हणून दुहेरी गाठ मारली. ती खोलीत दोन फेऱ्या मारून म्हणाली, "अगं, मी तर फौजदार दिसतेय. तुझ्या बापाला हाक मार, घाबरवते जरा." वडील तेव्हा नळावर होते. त्यांनी पाहिले नाही.

टेंपोत ती मजूर बायकांच्या मध्ये बसली. एकजण म्हणाली, "मावशी, तुमचे हात बघून वाटतं, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त पाट्या उचलाल."

"उचलीन की," आई म्हणाली. "पण मग तुम्हाला घरी बसावं लागेल, त्याचं काय?"

बायका वाटभर तिच्याशी बोलत होत्या. मी पुढे ड्रायव्हरशेजारी होते.

टेंपो ओढ्यापाशी थांबतो. तिथून पायवाट आहे. झाडी इतकी दाट आहे की मंदिर लांबून दिसत नाही, एकदम अंगावर येते. आई थांबली आणि मान वर करून बराच वेळ मुळांकडे पाहत राहिली. ती म्हणाली, "हे झाड देवळाला पाडतंय का धरून ठेवतंय?" मी तिला उजव्या बाजूने सांगितले की दोन्ही. मुळांनी भिंत फाटली आहे, पण आता मुळे काढली तर भिंत खाली येईल, म्हणून आम्ही फक्त वाळलेल्या फांद्या उतरवतो. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या बापासारखं. वैताग पण त्याचाच आणि टेकू पण त्याचाच."

हे वाक्य गाळू का, असे हवालदारबाईंनी विचारले. राहू द्यावे.

मी तिला सगळे फिरवून दाखवले. नंबर घातलेले दगड दाखवले. तिने काही नंबर बोट फिरवून पाहिले आणि "अक्षर चांगलं आहे तुझं" असे म्हणाली. मग गाभाऱ्याकडे नेले. दाराशी ती खाली बसली आणि बुटाच्या नाडीला हात घातला. मी म्हटले, "आई, काढू नकोस. आत दगडांचा चुरा आहे, पाय कापेल. आणि हे आता चालतं देऊळ नाही."

"चालतं नाही म्हणजे? आत बसलाय ना तो?"

"मूर्ती आहे आई. कोणी पूजा करत नाही."

"मग त्याला काय कळवलंय का तसं?"

मागे उभे असलेले मुकादमकाका हसले. मी तिचा हात धरून तिला उठवले. ती बूट घालून आत आली.

मूर्ती बसलेली आहे. उजवा हात मनगटापासून तुटलेला आहे. छताच्या फटीतून पडलेली पाने आणि वटवाघळांची घाण मूर्तीच्या मांडीत साठलेली होती. आई म्हणाली, "इथं कोणी झाडत नाही का?" मी सांगितले की गाभाऱ्याच्या आतली नोंद अजून व्हायची आहे, ती होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

"पानांची पण नोंद करता?"

"सगळ्याची करतो."

"किती शिकलीस गं," ती म्हणाली. हे ती कौतुकाने म्हणाली की कसे, ते मला तेव्हा कळले नाही. मी विचारलेही नाही.

त्यानंतर मी तिला पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बसवले. शेड मंदिराच्या मागे, झाडीच्या पलीकडे आहे. तिथे चहा करणाऱ्या मावशी असतात. दुपारी आम्ही तिथेच सगळ्यांसोबत जेवलो. जेवणानंतर मी कामावर गेले. आईला म्हटले, इथेच थांब, संध्याकाळी सोबत निघू. ती हो म्हणाली. मावशींनी मला नंतर सांगितले की त्या ओढ्यावर पाण्याला निघाल्या तेव्हा आई "मी जरा पाय मोकळे करून येते" असे म्हणाली. हे मी स्वतः ऐकलेले नाही.

त्या दुपारी मंडपाच्या वर आलेली वडाची एक वाळलेली फांदी उतरवायची होती. फांदी जड होती. तिला दोर बांधून कप्पीवरून बाहेरच्या बाजूला ओढून घ्यायचे ठरले होते. ती कार्यालयाने सांगितलेलीच फांदी होती. दोर बांधून झाल्यावर मुकादमकाकांनी माणसे मोजली. ती पूर्ण भरली. मग ते माझ्याकडे आले. मी पूर्वेच्या जोत्याशी बसून एका दगडावर नंबर घालत होते.

त्यांनी विचारले, "बाई, आई कुठं आहेत?"

मी म्हटले, "शेडमध्ये आहे."

मुकादमांच्या जबाबात त्यांनी मला असे विचारल्याचा उल्लेख नाही, असे मला आज इथे समजले. दोराजवळचे मजूर लांब होते, त्यांनी आमचे बोलणे ऐकले नसावे. म्हणून मी स्पष्ट सांगते. त्यांनी विचारले होते आणि मी तसे उत्तर दिले होते. मी उत्तर दिले तेव्हा ब्रश माझ्या हातात होता. मी मान वर केली नाही. त्या जागेवरून शेड दिसत नाही. मला वाटत होते ते मी सांगितले, पाहिलेले सांगितले नाही.

माझ्या उत्तरानंतरही मुकादमकाका गाभाऱ्याच्या दारापर्यंत गेले. हे मी पाहिले आहे, कारण ते जाताना माझ्या समोरून गेले आणि त्यांची सावली मी रंगवत असलेल्या दगडावर पडली म्हणून मी वर पाहिले. ते दाराशी उभे राहिले, त्यांनी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. तिथे पादत्राणे नव्हती. ते परत आले, त्यांनी शिट्टी वाजवली आणि "ओढा" म्हणून सांगितले.

फांदी बाहेरच्या बाजूला न येता फिरली आणि मंडपाच्या छतावर बसली. गाभाऱ्याच्या दारावरचा आडवा दगड आणि त्याच्यावरचे थर खाली आले. कोणी ओरडले नाही, कारण आत कोणी नाही असे सगळ्यांना वाटत होते. धूळ बसेपर्यंत सगळे उभे राहिले. मुकादमकाका म्हणाले, "जाऊ द्या, माणसं बचावली. दगड परत लावता येतात."

त्यानंतर मी पडलेल्या दगडांची नोंद घ्यायला सुरुवात केली. बाहेरच्या बाजूने घेतली. किती वेळ घेतली ते सांगता येत नाही. एक पान भरले होते.

मग शेडकडून चहा करणाऱ्या मावशी आल्या आणि त्यांनी मला विचारले, "बाई, आईंचा चहा गार झाला. इकडं आल्यात का?"

मी काही बोलण्याआधी मुकादमकाका ढिगाऱ्याकडे पळाले. ते हातांनी दगड काढू लागले. नोंद होईपर्यंत दगड हलवायचा नसतो. मी कोणाला थांबवले नाही. मीही काढले. आई उंबऱ्याच्या आतल्या बाजूला सापडली. तिच्यावर जो दगड होता त्याला पूर्व ४१ हा नंबर मी पूर्वीच, तो दारावर जागेवर असताना, घातलेला होता. मुकादमकाकांनी तो एकट्याने उचलला. त्यांच्या दोन बोटांची नखे निघाली. आईला टेंपोतून सरकारी दवाखान्यात नेले. मी मागे तिच्याजवळ बसले होते, तिच्या उजव्या बाजूला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून ती मयत असल्याचे सांगितले.

तिच्या अंगावरच्या वस्तू माझ्या ताब्यात देण्यात आल्या. त्यांत बूट होते. उजव्या बुटाची गाठ मी बांधली तशीच होती. डाव्या बुटाची गाठ ओढून ओढून घट्ट झाली होती. सोडायची माहिती नसलेल्या माणसाने चुकीचे टोक ओढले की गाठ अशी होते. तिच्याजवळ एक कापडी पिशवी होती. ती वाळलेल्या पानांनी भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी मी गाभाऱ्यात गेले. मूर्तीची निम्मी मांडी साफ केलेली होती.

त्याच दिवशी माझ्या मामांनी मुकादमांविरुद्ध तक्रार दिली. मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ आहेत. आईनेच त्यांना वाढवले. काल रात्री आमच्या खोलीत ते मला म्हणाले, "उद्या नीट सांग. त्या माणसाने बघितलं नाही, एवढंच सांगायचं." मी म्हटले, त्यांनी बघितले. मामा म्हणाले, "बघितलं असतं तर ताई आज स्वयंपाक करत असती. तू पोरगी कोणाची आहेस, तिची का त्या मुकादमाची?" वडील भिंतीला टेकून बसले होते. घटनेपासून ते फारसे बोललेले नाहीत.

आज सकाळी खात्याच्या साहेबांचाही फोन आला. त्यांनी माझे सांत्वन केले. नंतर ते म्हणाले की मी अजून नवीन आहे, पुढे खूप करायचे आहे, आणि मुकादमाने खात्री केली नव्हती एवढे जबाबात आले की बाकीच्या गोष्टी काढायची गरज पडणार नाही. बाकीच्या म्हणजे कोणत्या, ते त्यांनी सांगितले नाही.

मी इथे आले तेव्हा फौजदारसाहेबांनी माझ्या त्रासाचा विचार करून जबाबाचा मसुदा आधीच तयार ठेवला होता. त्यात "सदर मुकादम याने आत कोणी आहे अगर नाही याची खात्री न करता दोर ओढण्यास सांगितले" असे वाक्य होते. हे वाक्य खोडावे असे मी सांगितले. साहेब म्हणाले, "बाई, नीट विचार करा. हे खोडलं तर पुढचा प्रश्न तुमच्यावर येतो." मी म्हटले, येऊ द्या. ते म्हणाले, "तुमच्या आईसाठी म्हणून सांगतोय मी." मी म्हटले, त्या वाक्यात माझी आई नाही. त्यांनी वाक्य खोडले आणि हवालदारबाईंना पहिल्यापासून लिहायला बसवले. बाजूच्या खोडलेल्या कागदावर मी सही केलेली आहे.

मुकादमकाकांना या ठाण्यात आल्यावर मी गजांतून पाहिले. त्यांच्या बोटांना पट्टी होती. मी त्यांना विचारले, "तुम्ही मला विचारलं होतं, ते का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुमची आई गेली. अजून काय सांगू?" मी म्हटले, "पण ते खरं आहे." ते म्हणाले, "असेल. तुम्ही घरी जा, बाई. वडील एकटे असतील." आमचे बोलणे पहाऱ्यावरच्या शिपायासमोर झाले.

माझे म्हणणे असे आहे. मुकादमांनी माणसे मोजली, मला विचारले, आणि दारापर्यंत जाऊन पाहिले. दाराशी पादत्राणे नव्हती, कारण ती काढू नकोस असे आईला मी सांगितले होते. तिने दुसऱ्यांदा काढायचा प्रयत्न केला, पण गाठ मी बांधली होती. पादत्राणांची पद्धत मला माहीत होती. बूट घालणेही चूक नव्हते, आत खरोखरच चुरा आहे. या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही. यावरून कोणाचा दोष किती ते ज्यांनी ठरवायचे त्यांनी ठरवावे. ज्या माणसाने मला विचारले तो माझ्या उत्तरामुळे आत राहू नये. त्यांना सोडण्याबाबत कोर्ट ठरवेल आणि हा जबाब उद्या तिथे पाठवला जाईल, असे फौजदारसाहेबांनी मला सांगितले आहे.

एक विनंती आहे. जबाब माझा मी वाचू शकते. तरीही तो मोठ्याने वाचावा. माझे वडील बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना सहीपुरते येते, वाचता येत नाही. बुटांचे आणि मुकादमांनी मला विचारल्याचे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. घरी तीनदा सुरुवात केली, पुढे बोलता आले नाही. त्यांना आत बोलवावे, खुर्ची द्यावी, आणि त्यांच्यासमोर पहिल्यापासून वाचावे. मामा आले तर त्यांनाही येऊ द्यावे.

तोपर्यंत मामाही आले होते, त्याप्रमाणे दोघांना आत बोलावण्यात आले. हवालदारबाईंनी सगळा जबाब सावकाश, मोठ्याने वाचला. तो मी सांगितला तसाच लिहिला गेला आहे, त्यात काही वाढवलेले किंवा कमी केलेले नाही. वाचन मध्यावर असताना मामा उठून बाहेर गेले. वडील शेवटपर्यंत बसून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. वाचून झाल्यावर त्यांनी सही कुठे करायची असे विचारले. हा जबाब तुमचा नाही, सही मुलीचीच लागते, असे हवालदारबाईंनी सांगितले.

ते म्हणाले, "मग तिला पेन द्या."

पेन दिले. सही करत आहे.